शहागडचा पूल

“मंग आता केर कवा काढू?” चतुराबाईने दारातच विचारलं.

ट्रकची चावी खिशात घालता घालता कारभारी थबकला. प्रश्न रास्त होता. माणूस लांबच्या वाटेला लागला की त्याच्या पाठीवर घर झाडायचं नाही, हा तिचा लग्नापासूनचा नेम. कारभारी वाळूजहून माल भरून चेन्नईला निघे, शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की फोन करी, “वलांडला गं पूल.” मगच ती केरसुणी हातात घेई. तोवर पाहुणे दारात येवोत, केर जागचा हलायचा नाही.

आता वाटेत पूलच उरला नव्हता. कंपनीचा माल यापुढे रेल्वेने जाणार होता. “काका, तुम्ही फक्त लासूर स्टेशनच्या मालधक्क्यावर सोडायचा,” मालकांचा मुलगा ऋतुराज म्हणाला होता. “पगार तोच, आणि रोज संध्याकाळी घरी.” बाकीचे ड्रायव्हर खूश झाले. कारभारीचं तोंड मात्र एवढंसं झालं. चेन्नईपर्यंतच्या ढाब्यांवर त्याला नावाने हाक मारत. लासूरला त्याला कोण ओळखतं?

“काढ की लगीच,” तो म्हणाला. “लासूर काय परमुलूख हाय व्हय?”

“नाय बाई. पोचल्यावर फोन करा. तवर मी हात लावायची नाय.”

तो हसला. पण त्याला बरं वाटलं, लई बरं वाटलं.

मालधक्क्यावर हमालांनी त्याच्या पेट्या डब्यात चढवल्या. दुपारी मालगाडी हलली. आपला माल आपल्याशिवाय निघालेला तो पहिल्यांदाच पाहत होता. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर त्याला फोनची आठवण झाली.

दिवाळीपर्यंत हे फोन नेमाने चालले. मग एकदा गडबडीत राहून गेला, एकदा तिनेच उचलला नाही.

एका सकाळी चष्मा विसरला म्हणून तो गल्लीच्या तोंडावरून माघारी आला. आतून केरसुणीचा आवाज येत होता. घर जवळजवळ झाडून झालं होतं.

त्याला पाहून चतुराबाई ओशाळली. “आता बया! रोज सांजच्याला येताच की तुमी. माझ्या ध्यानातच ऱ्हायलं नाय बघा.”

तिच्या मनातली धास्ती गेली होती. याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण त्याहून जास्त मनाला लागलं.

“बसा घडीभर, पाणी प्या, मंग निघा.”

“ऱ्हाऊ दे. झाड तू.”

चपला बाहेर काढून तो भिंतीच्या कडेने आत गेला, फळीवरचा चष्मा घेतला. उंबऱ्यापाशी तिने गोळा केलेला केर होता. पाय उचलून तो त्याने जपून ओलांडला आणि ट्रककडे निघाला.