भिंतीपाशी उरलेली मुलगी

सकाळी घरात नेहमीचीच धांदल होती. न्हाणीघराच्या दारावर थापा पडत होत्या, दादांना दुसरा मोजा सापडत नव्हता आणि गणिताचे सर आरशासमोर कॉलर नीट करत होते. सर म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. राहायचे याच घरात, आणि दादांची मुलगी नेमकी त्यांच्याच वर्गात. घरात तिला सगळे चिमी म्हणत. चिमीचा दुधाचा पेला आज तसाच निवत होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "आज भिंत नका ना करू."

आता ही भिंत म्हणजे काय, ते सांगायला हवं. चाचणीचा निकाल लागला की या शाळेत मुलांनी दप्तर पाठीला लावून वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभं राहायचं. सर गुणांप्रमाणे एकेकाचा हजेरी क्रमांक पुकारणार. पहिला येईल तो पहिल्या बाकावर, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी जो उरेल त्याच्याकडे अख्खा वर्ग माना वळवून बघणार. पुढच्या चाचणीपर्यंत तीच जागा. शाळेला या रीतीचा केवढा अभिमान! आणि पालकांना तर विचारूच नका. आपलं पोर पुढे बसलं की झालं, मागे कोणाचं उरलं याच्याशी कोणाला काय देणंघेणं?

"शाळेत मी काका नाही, सर आहे," सर म्हणाले. "आणि अभ्यास केला असशील तर भिंत काय खाणार आहे का तुला?"

"पण मला श्वासच घेता येत नाही हो, काका..."

"झालं सुरू!" वहिनी, म्हणजे चिमीची आई, स्वयंपाकघरातून ओरडल्या. "परीक्षेला पोटदुखी, निकालाला श्वास. सगळी सोंगं येतात आमच्या बाईसाहेबांना. पी ते दूध!"

दादा हसले. सरही हसले. चिमीने दूध मोरीत ओतलं. सरांनी ते पाहिलं होतं, पण शाळेला उशीर होत होता.

वर्गात सरांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. क्रमांक पुकारले जात होते, बाक भरत होते. भिंतीशी मुलं कमी कमी होत गेली तशी चिमीची नजर जमिनीला खिळली. शेवटी दोघंच उरली, चिमी आणि एक उंच मुलगा. गुण दोघांचे अगदी सारखे. सरांच्या मनात आलं, घरच्या मुलीला झुकतं माप दिलं, असं उद्या कोणी म्हणायला नको! त्यांनी त्या मुलाचा क्रमांक पुकारला.

सगळ्यांच्या माना वळल्या. पुढे कोणीतरी फिसकन हसलं. चिमी भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

"ऊठ," सर म्हणाले. "नाटकं पुरे..."

मग त्यांचं तिच्याकडे नीट लक्ष गेलं. तिचे ओठ पांढरे पडले होते, बोटं वाकडी झाली होती आणि छाती भात्यासारखी हलत होती.

"काका," ती म्हणाली. भर वर्गात.

सर धावले, गुडघ्यांवर बसले. "हो गं, काकाच आहे मी. इकडे बघ माझ्याकडे. हळू सोड श्वास... हळू." तिचे गार हात त्यांनी आपल्या हातांत घट्ट धरले. आता वर्गात कोणी हसत नव्हतं.

जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. शरीराला काही झालेलं नाही, हा भीतीचा झटका आहे, मनाच्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगून गेले. निरोप मिळताच वहिनीही धावत आल्या होत्या. मुख्याध्यापिकांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

"बाहेर निकालासाठी पालक जमलेत. आपण पोटदुखी म्हणू या. शाळेचं नाव आहे, सर."

"पोटदुखीच म्हणा, भावजी," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "मनाचा डॉक्टर म्हटलं की लोक माझ्या पोरीला वेडी ठरवतील. जन्मभराचा डाग लागेल हो!"

शेजारच्या बाकड्यावर चिमी डोळे मिटून पडली होती. ती जागी होती आणि सगळं ऐकत होती, हे सरांना दिसत होतं. सकाळीही त्यांना सगळं दिसलंच होतं की! स्वतःचीच त्यांना शिसारी आली.

"वहिनी, ती खरं सांगत होती आणि आपण हसलो. आता पुन्हा तिला खोटी पाडायची?"

"सर, नोकरीचा विचार करा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"केला, बाई." त्यांनी दार उघडलं.

बाहेर ते थेट पालकांपुढे जाऊन उभे राहिले. "माझी पुतणी आज भीतीने कोसळली. ही भीती मी घातली. माझ्या वर्गात यापुढे भिंत होणार नाही."

"मग पोरांना धाक कसला राहणार?" एक गृहस्थ तडकले.

"धाकाने काय होतं, ते आत बाकड्यावर पडलंय. बघून या."

दुसऱ्या दिवशी चिमी शाळेत नव्हती. वहिनी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेणार होत्या, कुरकुरत का होईना. वर्गात आल्या आल्या सर म्हणाले, "उठा सगळे, आणि आजपासून हवं तिथे बसा."

मुलांनी दप्तरं उचलली आणि ती सवयीने जाऊन भिंतीशी उभी राहिली. कोणी हलेना. क्रमांकाशिवाय बसायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं!

अखेर एक मुलगी पुढे झाली. दर खेपेला पहिली येणारी, पहिल्या बाकाची मालकीण. ती खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर, चिमीच्या जागेवर, जाऊन बसली.

"सर, आता मला इथून कोणी उठवणार नाही ना?"

"नाही, बाळा."

"आई रोज म्हणते, पहिला बाक सुटला तर घरी येऊ नकोस." एवढं बोलून तिने बाकावर डोकं ठेवलं आणि ती हमसून हमसून रडू लागली.

वाचकहो, आज सकाळी तुमच्या घरात दुधाचा पेला कोणी मोरीत ओतला?