मोडक्या पायरीची शिडी

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावं, जुन्या आठवणी सांगून डोळ्यांत पाणी आणावं, अशी तुमची अपेक्षा असेल. ते मला जमेल तेव्हा जमेल. आधी राग ऐका.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जुनं कोर्ट आहे. त्याच्या मागच्या बाजूला रेकॉर्डची खोली आहे. तिथं मी भिंतीला टेकून उभी असते. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं, तर तुम्ही म्हणाल की ते गाव तसलंच, आमच्याकडे असं होत नाही. माझ्यासारख्या किती जणी कुठे कुठे उभ्या आहेत, हे तुम्हाला काय ठाऊक!

माझा जन्म निजामाच्या अमदानीतला. माझे दोन्ही खांब सागवानी आणि पायऱ्या बाभळीच्या. मला घडवणारा सुतार चारठाण्याचा होता. तिथल्या देवळांचे दगडी खांब लहानपणापासून बघितलेला माणूस, त्यामुळे लाकडातही दगडाचा भक्कमपणा उतरावा असा त्याचा हट्ट असे. प्रत्येक पायरी ठोकून झाली की तो स्वतः तिच्यावर उभा राही आणि दोन उड्या मारी. पायरी कुरकुरली, तर तो ती काढून टाकी आणि नवी बसवी. असा होता माझा बाप!

तेव्हा सगळं दफ्तर उर्दूत चाले. दाव्याच्या कागदांना मिसल म्हणत. निकाल लागला की मिसल लाल कापडाच्या बस्त्यात बांधायची आणि माझ्यावर चढून फळीवर नेऊन ठेवायची. पुढे भाषा बदलली, राज्य बदललं, माणसं बदलली. माझं काम तेच राहिलं. "या शिडीवर डोळे मिटून चढावं," असं जुने कारकून म्हणत. मला ते ऐकून अभिमान वाटे. का वाटू नये? कमावलेला होता तो.

दिवसा काम नसलं, की मला बाहेरच्या व्हरांड्यात, कोर्टाच्या दाराशेजारी टेकवून ठेवत. आत बोललेलं सगळं मला ऐकू येई. महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. एक तरणी बाई कोर्टात उभी राहिली. माहेर चुडाव्याचं. तिच्या नवऱ्यानं दुसरी आणून घरात बसवली होती आणि हिला मारहाण चालली होती. बाईनं स्वतः काडीमोडीचा अर्ज केला होता. नीट ऐका, अर्ज बाईनं केला होता! आणि ती जबानीत म्हणाली, "साहेब, दागिने ठेवून घ्या म्हणावं, भांडी ठेवून घ्या म्हणावं. मला काय बी नगं. माझी लेक तेवढी मला द्या. ती माझ्याबिगर जेवत न्हाई."

साहेबांनी काडीमोड मंजूर केली. लेक मात्र पाच वर्षांपुढची होती, म्हणून बापाकडे दिली. बाई बाहेर आली, माझ्याजवळ खाली बसली आणि माझी खालची पायरी धरून रडली. थोड्या दिवसांनी तिची मिसल बस्त्यात बांधून माझ्यावरूनच अगदी वरच्या फळीवर गेली.

आता ती लेक कोण, ते सांगते. तिचं नाव कमलबाई. आज ती सत्तरीपुढची आहे, ताडकळसला लेकाकडे राहते. मध्यंतरी तिच्या घरी नातवाच्या दाखल्यासाठी वंशावळ काढली. कागद वाचून दाखवला तेव्हा त्यात पणजा, खापरपणजा सगळे होते. कमलबाईनं विचारलं, "बाया कुठं हायत?" बाया नव्हत्याच. तिची नात राजनंदिनी परभणीला कॉलेजात शिकते. ती चिडली. म्हणाली, "आजी, मी आता बायांचीच वंशावळ काढते. मी, माझ्या आधी तू, तुझ्या आधी तुझी आई. काय नाव होतं तिचं?"

कमलबाईनं तोंड फिरवलं. तिला लहानपणापासून घरात एकच सांगितलं होतं की तुझ्या बापानं तुझ्या आईला काडीमोड दिली, आणि तिनं कोर्टात अंगठा उठवून तुला लिहून दिलं नि मोकळी झाली. आईचं नाव घरात कुणी घेत नसे. कमलबाई पंधराएक वर्षांची असताना चुडाव्याहून मामा आला, दारातूनच "गोदावरी गेली" एवढं म्हणाला, आणि बापानं त्याच्या तोंडावर दार लावलं. नाव कळलं ते असं. मेल्याची बातमी आली की आंघोळ करतात. पोरीनं रागानं ती आंघोळसुद्धा केली नाही. मला लिहून देणारीची कशाला करू, असं म्हणाली आणि चुलीपुढे बसून भाकरी थापत राहिली.

हे सगळं मला कसं कळलं म्हणता? त्या दोघी इथं आल्या ना! रेकॉर्डच्या खोलीत, माझ्या समोर, दत्तरावाच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी हे सांगितलं. राजनंदिनी म्हणत होती, "खरंच अंगठा दिला होता का, तेवढंच आजीला बघायचंय." कमलबाई म्हणत होती, "मला काय बगायचं न्हाई. पोरगी हट्टाला पेटली म्हणून आले." पण तिचा हात पदराचं टोक सारखा पिळत होता. ज्याला बघायचं नसतं, तो असं करत नाही.

दत्तराव म्हणजे रेकॉर्ड सांभाळणारा बाबू. तसा वाईट माणूस नाही. पोट सुटलंय, गुडघे धरतात, दुपारी डबा खाल्ला की डोळा लागतो. त्यानं रजिस्टर काढलं. अर्जदाराच्या रकान्यात कमलबाईच्या बापाचं नाव शोधलं. मिळालं नाही. कसं मिळेल? त्यानं अर्ज केलाच नव्हता! मी ओरडून सांगणार होते, पण शिडीला तोंड कुठून असणार! मग त्यांनी गोदावरी नाव शोधलं. तेही मिळालं नाही. "मावशी, अशी केसच झाल्याली न्हाई," असं म्हणून दत्तरावानं रजिस्टर मिटलं.

गोदावरी कशी सापडणार होती, मित्रांनो? लग्नात पोरीचं नाव बदलतात ना! कालपर्यंत एका नावाला ओ देणारी पोर अक्षता पडल्या की दुसऱ्या नावाची होते. सरकारी कागदावर सासरचंच नाव येतं. गोदावरी हे माहेरचं नाव होतं. सासरचं नाव लेकीलाही ठाऊक नव्हतं. एका बाईला हरवून टाकायला आणखी काय करायला हवं, सांगा बघू!

पण राजनंदिनी चिकाटीची. घरी एक पितळी हंडा होता. बापानं लग्नात कमलबाईला दिलेला. पोरगी सुट्टीत चिंचेनं तो घासायला बसली आणि काठावरची अक्षरं उजळली. 'चि. सौ. कां. रुख्मिणी हिस आंदण, चुडावा.' गाव गोदावरीच्या माहेरचं आणि नाव लग्नात ठेवलेलं. हीच ती ठेवून घेतलेली भांडी! कमलबाई अडाणी. जन्मभर त्या हंड्यानं पाणी भरलं, पण ती अक्षरं म्हणजे भांड्याच्या दुकानाचं नाव असेल, असं तिला वाटायचं. आईचं नाव कमरेवर घेऊन ती विहिरीवरून घरी यायची आणि तिला ते माहीत नव्हतं.

दोघी पुन्हा आल्या. या वेळी रुख्मिणी नाव रजिस्टरात लगेच मिळालं. अर्जदार रुख्मिणी. नातीनं ते बोट ठेवून वाचलं, तेव्हा कमलबाई पहिल्यांदा खुर्चीवर बसली. "म्हंजी अर्ज तिनं केला व्हता?" तिनं विचारलं. "बापानं न्हाई?"

"तिनंच केला होता, आजी. आता मिसल काढली की सगळं कळेल."

दत्तरावानं फळीचा आकडा बघितला. मान वर केली. अगदी वरची फळी. मग माझ्याकडे बघितलं. माझी वरून दुसरी पायरी चार वर्षांपूर्वी मोडली. तेव्हापासून वरच्या फळीवर कुणीही चढलेलं नाही. नवी शिडी मागवायचा प्रस्ताव गेला, तो गेलाच. अरे, नवी शिडी कशाला पाहिजे! बाभळीचा हातभर तुकडा आणि दोन खिळे! माझ्या बापानं विडी ओढता ओढता बसवली असती. पण नाही. प्रस्ताव करतील, टाचणी लावतील, सही घेतील, पण हातोडी उचलणार नाहीत.

आणि दत्तरावानं नकलेच्या अर्जावर काय शेरा मारला, ऐका. 'रेकॉर्ड जीर्ण झाल्याने उपलब्ध नाही.'

जीर्ण! जळला तो शेरा! मिसल वर धडधाकट होती. ना वाळवी, ना ओल. जीर्ण मी होते, आणि तीही एका पायरीपुरती. या चार वर्षांत त्यानं कितीदा हाच शेरा मारला, ते मी बघितलंय. लोक लांबून येतात, एसटीनं, मोटारसायकलवर. कुणी आपल्या आजीचं शोधतं, कुणी सोडून गेलेल्या चुलतीचं. सगळे 'जीर्ण' ऐकतात, मान खाली घालतात आणि निघून जातात. वर चढून बघितलं का, असं एकानंही विचारलेलं नाही. मला त्या लोकांचासुद्धा राग येतो.

कमलबाईनं विचारलं.

त्या दिवशी ती नातीला घेऊन तिसऱ्यांदा आली होती. "दत्तराव, जीर्ण झाल्यालं तुमी बगितलंव का डोळ्यानं?"

"मावशी, जुनं हाय, जीर्णच असनार की."

"मी बी जुनीच हाय. बगितलंव का?"

दत्तरावानं माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "शिडी मोडकी हाय. कुनाचा हातपाय मोडला तर मला निस्तरावं लागतंय."

"आस्सं सांग की मग! इतके दिस जीर्ण जीर्ण म्हनायलास!" कमलबाईनं पदर कमरेला खोचला. "धर शिडी."

"मावशी, काय करायलाव? नियमात बसत न्हाई!"

"मोडकी शिडी चार वर्सं उभी करायची नियमात बसतंय का? माझा जनम माळवदावर चढण्यात गेला. मिरच्या वाळवल्या, सांडगे घातले, पोटुशी असताना चढले. धर म्हनते ना!"

"आजी, नको, मी चढते," राजनंदिनी पुढे आली.

"तू खाली ऱ्हा. आई माझी हाय."

आणि दत्तरावानं धरली! दोन्ही हातांनी मला धरून तो उभा राहिला. कमलबाई चढली. मित्रांनो, त्या दिवशी मी माझं सगळं बळ खांबांत आणलं. मोडक्या पायरीशी ती थांबली, खांबाच्या कडेला पाय रोवून वर चढली. मी कुरकुरले. चारठाण्याचा माझा बाप असता, तर त्यानं मला तिथंच मोडून जाळलं असतं. पण मी टिकले. दत्तरावानं खालून कितवा ते सांगितलं आणि तो बस्ता तिच्या हातात आला. तिनं तो छातीशी धरला आणि एकेक पायरी उतरली.

टेबलावर मिसल उघडली. कागद पिवळा झाला होता, पण अक्षर न् अक्षर जागेवर. राजनंदिनीनं वाचलं. 'दागिने, भांडी यांवर माझा हक्क नको. मुलगी कमल माझे ताब्यात द्यावी. ती मजवाचून जेवत नाही.' त्याच्याखाली अंगठा होता.

म्हणजे घरचे अंगठ्याचं खरंच सांगत होते! अंगठा दिला होता. फक्त कशाखाली दिला होता, तेवढं त्यांनी उलटं सांगितलं.

कमलबाईनं आपला अंगठा त्या निळ्या ठशावर हळूच टेकवला. दत्तरावानं अडवलं नाही. मग ती एकदम भडकली. "मेले सगळे! बाप मेला, आजी मेली, ती सवत मेली. आता म्या भांडू कुनासंगं? सारा जनम मी तिला शिव्या घातल्या! ती मला मागायली व्हती आन् मी तिला शिव्या घातल्या!" तिनं टेबलावर हात आपटला. दत्तरावाचा पाण्याचा तांब्या कलंडला. कुणी तो उचलला नाही.

कमलबाई दाराकडे वळली. मग तिनं विचारलं, "हितं नळ कुठाय?"

नळ आवारात, लिंबाखाली आहे. खिडकीतून मला दिसतो. कमलबाई तिथं गेली, नेसत्या लुगड्यानिशी नळाखाली बसली आणि तोटी सोडली. पक्षकार बघायला लागले, वकील थांबले. राजनंदिनी धावली. दत्तराव दारातून म्हणाला, "मावशी, हे काय करायलाव?"

"आंघोळ," ती म्हणाली. "आईची. ऱ्हायली व्हती."

दत्तराव दारातून मागे फिरला. मग आत आला आणि अर्जावरचा 'जीर्ण' हा शेरा खोडून नक्कल तयार करायला बसला. त्या दिवशी दुपारी त्याचा डोळा लागला नाही.

यापुढे सगळं सुधारलं, असं तुम्हाला ऐकायचं असेल. नाही सुधारलं! माझी पायरी आजही मोडकी आहे. प्रस्ताव आजही गेलेला आहे. वरच्या फळीवर अजून कितीतरी बस्ते आहेत, आणि त्यांत कितीतरी जणी सासरच्या नावाखाली दडून बसल्या आहेत. त्यांना कुणी खोटं ठरवलं, कुणी टाकलेली ठरवलं.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका, मला नुसतं तेल पाजून कोपऱ्यात ठेवू नका. बाभळीचा एक तुकडा आणा, दोन खिळे आणा आणि ती पायरी बसवा. बसवून झाली की माझ्या बापासारखं तिच्यावर उभं राहून दोन उड्या मारा. तोवर कुणी तुम्हाला वर काही नाही म्हणून सांगितलं, तर एवढंच विचारा, चढून बघितलंत का?