मुकुटजहाज येण्याआधी

समुद्राचं पाणी सोयाबीनच्या गरम दुधात एकदम ओतलं, तर टोफू भुसभुशीत होतो. पळीपळीनं, कडेनं सोडलं की दूध आधी फाटल्यासारखं दिसतं, मग पिवळसर पाणी सुटतं आणि पांढरे गोळे खाली बसतात. त्या सकाळी माझे दोन घाणे बिघडले.

केरामा बेटांवर जहाज आल्याच्या इशाऱ्याचा धूर दिसला होता. आमच्या राजाला गादीची मान्यता द्यायला चीनच्या सम्राटाचं मुकुटजहाज येत होतं. उद्या ते नाहा बंदरात शिरणार. आमचा राजा जपानातल्या सात्सुमा संस्थानालाही कर भरतो, हे चिन्यांना दिसता कामा नये. म्हणून नाहातल्या सात्सुमाच्या माणसांनी आजच गुसुकुमा गावात लपायचं होतं. माझा नवरा शिन्नाई सात्सुमाचा खलाशी.

प्रश्न चिरूचा होता. माझी पाच वर्षांची लेक बापाचीच भाषा बोलायची. अशा पोरांना बापाबरोबर पाठवा, नाहीतर त्यांची तोंडं तुम्ही सांभाळा, असं वस्तीचे मुखिया माकिशीकाका महिनाभर सांगत होते. मी दर वेळी म्हणायचे, जहाज दिसू तर द्या.

काका दारोदार फिरून सात्सुमाच्या चपला, वाडगे, गाणी, सगळं आवरायला लावत होते. चिन्यांना खरंच काही कळत नाही का, असं शेजारणीनं विचारलं.

"कळतं गं. आपण लपवायचं सोंग करतो, ते न दिसल्याचं. त्यांचं जास्त अवघड, वर मेजवान्या खाव्या लागतात."

मी हसले नाही. आत शिन्नाई चिरूचं गाठोडं बांधत होता. फडक्यातून कापूस भरलेल्या अंगरख्याची बाही बाहेर आली होती.

"हा कशाला?"

"रात्री गार पडतं."

"गुसुकुमात?"

त्यानं गाठ सोडून पुन्हा बांधली. गुसुकुमा इथून चालत जाण्याइतकं जवळ. तिथं असल्या अंगरख्यात घामानं भिजायला होईल. त्याची इथली नोकरी यंदा संपत होती, आणि सात्सुमात बर्फ पडतं, हे तो चिरूला हल्ली रोज सांगायचा.

काका दाराशी आले. "काय मानाबी, गुसुकुमाला किती जण जाणार, आता तरी सांगतेस? की सम्राटाच्या दूतालाच विचारायला पाठवू?"

"दोघं," शिन्नाई म्हणाला.

चिरूनं त्याचं बोट धरलं होतं. मी ते सोडवलं.

"एकच, काका. चिरू माझ्याजवळ राहील."