सासूबाईंच्या रूपातला राक्षस

सासूबाई गेल्या तवापास्नं आमच्या मामंजींनी, म्हंजे नानासोंनी, जेवणच टाकलं. सकाळी अर्धी भाकरी, ती बी चिवडून ठेवायची. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, पोटात अन्न गेलं न्हाई तर म्हातारा पावसाळा बघायचा न्हाई. तवर गल्लीत कुणीतरी उठवलं की नानासोंनी सल्लेखना घेतली, म्हंजे मरेपतूर उपास धरला. मी तोंडावर सांगितलं, व्रत घेणारा माणूस मुनीम्हाराजांना इच्यारून घेतो, भिंतीकडं तोंड करून न्हाई. ह्यो नुसता रुसवा हाय. मला लय राग यायचा, आन् रागाच्या खाली भ्या बी वाटायचं.

एक दिवस माझी लेक ब्राह्मी सांगलीच्या कॉलेजातनं आली ती मोबाईल नाचवतच. टीव्हीवर लय वर्सामागं लागलेल्या विज्ञानकथांच्या मालिकेचा एक भाग कुणीतरी यूट्यूबवर टाकलेला. त्यात आमच्या सासूबाई, हरणाबाई, राक्षस झाल्यात.

खोटं न्हाई सांगत. मालिकेतला राक्षस आभाळातनं पडतो आन् ज्या घरात शिरायचं तिथल्या माणसाचं रूप घेतो. पडायचं काम त्यांनी माण तालुक्यातल्या माळावर उरकलं, घरातला भाग आमच्या सोप्यात. राक्षस आईचं रूप घेतो, तर त्या जागी सासूबाईंना उभं केलं. मी तवा नवी सून. राक्षस ओळखायचा कसा, हितं त्या लोकांचं घोडं अडलेलं. सासूबाई म्हणाल्या, त्यात काय, आमी जैन, दिवस मावळल्यावर घास घेत न्हाई. त्यानं घेतला की सापडला. मालिका काढणारा साहेब खूश! म्हणाला, मग आज रात्रीच भाकरी खा. सासूबाईंनी हात जोडले. नुसतं नाटक करा म्हणाला, तरी न्हाई. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्यांना घोंगडी लावून रात्र केली, तवा त्यांनी भाकरी मोडली. तरी मालिका लागल्यावर गाव चिडवायचं, हरणाबाई रातची जेवली. बिचाऱ्या मरेपतूर खुलासे देत बसल्या.

ब्राह्मीनं तो भाग टीव्हीवर लावला. मी नको म्हणत हुते, म्हातारा आणखी खचंल. पण पोरगी ऐकती व्हय? मामंजी आधी बघंनात. मग सासूबाई हिरव्या लुगड्यात दारातनं आत आल्या, आन् नवऱ्याचं काम करणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "आवं, अजून जेवला न्हाईसा? चला, बसा."

तोच आवाज. माझ्या बी अंगावर काटा आला. मामंजी सरळ होऊन बसले. परत लाव म्हणाले. पोरगी लावत राहिली, ते ऐकत राहिले. त्यात दिवस मावळला. मी स्वयंपाकघर आवरून भांड्यावर झाकणं ठेवत हुते, तवर सोप्यातनं हाक आली.

"राजमती, वाढ."

ह्या एका शब्दासाठी मी देव पाण्यात घालून बसले हुते, आन् म्हातारा मागतोय कवा, तर अंधार पडल्यावर! लग्न होऊन आल्यापास्नं ह्या घरात दिवेलागणीनंतर कुणाचं ताट मांडलेलं मी बघितलं न्हाई. सकाळी देते म्हणावं, तर सकाळी भूक ऱ्हाईल ह्याचा काय भरोसा?

मी बाहेर आले. दाराकडं त्यांची पाठ हुती.

"दिवस हाय न्हवं अजून?" त्यांनी इच्यारलं.

मी त्यांच्या मागं बघितलं. रस्त्यावरचा दिवा लागलेला.

"हाय," मी म्हणाले. "बसा."

मुगाची आमटी गरम केली, भाकरी कुस्करून दिली. मामंजी जेवले. घास घेऊन, चावून, माणसासारखे जेवले. ब्राह्मी डोळे फाडून माझ्याकडं बघत हुती, तिला मी नजरेनंच गप केलं. पाप लागायचं तर मला लागू दे, त्यांना काय ठावं?

दुसरी भाकरी ताटात ठेवली तसा त्यांनी माझा हात धरला.

"आमची राजमती दिवस मावळल्यावर कुणाला घास वाढायची न्हाई," ते म्हणाले. "तू त्यो राक्षस हाईस."

माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. ते मातूर हसत हुते. सासूबाई गेल्यापास्नं पहिल्यांदा.

"आमटी आण आणखी," म्हणाले, आन् भाकरी मोडायला लागले.