पाणी मुरेपर्यंत

छापखान्यात मला सगळे 'भिंग' म्हणायचे. पस्तीस वर्षं प्रुफं तपासली. दुसऱ्याची चूक माझ्या नजरेतून सुटायची नाही. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. रोज सकाळी दार लावून तासभर प्रार्थना करायचो, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बायकोला मात्र दोन ओळीही धड पाठ नव्हत्या. त्या वेळी ती गॅलरीत असायची, हातात झारी, आणि झाडांशी काहीतरी पुटपुटत. "देवाच्या वेळी तुझं भलतंच," मी सुनवायचो. ती हसून सोडून द्यायची. मला वाटायचं, उत्तर नाही म्हणून हसते.

मग ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून नेताना माणसं देवाचं नाव घेतात, ही म्हणाली, "अहो, कुंड्यांना रोज पाणी घाला. सावकाश घाला, भसकन ओतू नका."

पहिले दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला उशीर होत होता म्हणून राहिलं, चौथ्या दिवशी विसरलो, आणि पुढे गॅलरीचं दार उघडायचंच टाळू लागलो. ऊन तर मी म्हणत होतं. संध्याकाळी दवाखान्यात ती विचारायची, "पाणी घातलंत?" मी तिच्या जेवणाचा डबा उघडत म्हणायचो, "घातलं की." ज्या तोंडानं सकाळी प्रार्थना म्हटली, त्याच तोंडानं. लाज वाटायची, नाही असं नाही, पण एवढीशी. झाडंच तर होती.

चौदाव्या दिवशी तिनं विचारलं, "दारापासच्या गुलाबाला कळ्या आल्या का हो?"

"दोन आल्यात," मी ठोकून दिलं.

तिचे डोळे भरून आले. "ती लेकीची कुंडी," ती म्हणाली.

आमच्या लेकीला सातवा महिना चालू होता. आधी दोनदा मूल पोटातच गेलं होतं.

"लेकीची म्हणजे?"

"हसणार नसाल तर सांगते. तुमच्यासारखं मला पाठ होत नाही. मग एकेका कुंडीला एकेकाचं नाव दिलं. लेकीची, जावयांची, माझ्या भावाची, खालच्या शिंपीणबाईंची. पाणी घालायचं, नाव घ्यायचं आणि पाणी मुरेपर्यंत थांबायचं, बस. बुडबुडे येतात, माती काळी होत जाते, एखादी मुंगी गडबडून वर येते. तेवढ्या वेळात कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. अगदी शेजारी उभं राहून."

मी मान हलवली. हसायचं तर लांबच, मी डबा पिशवीत टाकला आणि उठलो.

घरी येऊन गॅलरीचं दार उघडलं. सहा कुंड्यांत नुसत्या काटक्या उभ्या होत्या. सातवीतली कोरफड तेवढी आपली जाडजूड पानं घेऊन तग धरून होती. गुलाबाला हात लावला तर फांदीच हातात आली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी मी लेकीला फोन लावला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही गं. सहज."

हेही खोटंच. आता तरी बायकोला खरं सांगावं की नाही? पण नाही. दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिका गाठली. जुन्या झाडांसारखी सहा रोपं निवडली. गुलाबापाशी मात्र अडलो.

"आजोबा, हे घ्या की, पाच कळ्या आहेत," माळी म्हणाला.

"नको. दोनच हव्यात."

तो माझ्याकडे बघतच राहिला. शेवटी दोन कळ्यांचं रोप सापडलं. सगळी जुन्या कुंड्यांत लावली, काटक्या गुपचूप कचऱ्यात टाकल्या.

ती वॉकर धरून घरी आली ती आधी गॅलरीत. बराच वेळ उभी राहिली. गुलाबाच्या कळीवरून बोट फिरवलं. "छान ठेवलीत," म्हणाली. सुटलो, असं मला वाटलं. अगदी असंच वाटलं, ते लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार लावून प्रार्थनेला बसलो. गॅलरीकडची खिडकी उघडी होती. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग झारीचा. "लेक," ती म्हणाली आणि गप्प झाली. बऱ्याच वेळानं खुर्ची सरकली. "जावई." पुन्हा गप्प. इतक्या वर्षांत तिचं पुटपुटणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. खुर्ची सरकत सरकत कोपऱ्यातल्या कोरफडीपाशी गेली.

"आणि हे," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिचा आवाज आणखी खाली आला. "देवा, झाडं नवी आहेत, कळलंय मला. त्यांना सांगवलं नाही. माझ्या जिवाला लागेल म्हणून खोटं बोलले असतील. त्यांच्यावर रागावू नकोस."

मी ओळीच्या मधेच अडकलो. पुढचा शब्द आठवेना. एवढी वर्षं रोज सकाळी माझं नाव तिथं घेतलं जात होतं, आणि त्यालाच मी भलतंच म्हणत होतो. माझ्या जिवासाठी खोटं बोललो होतो मी, तिच्या नव्हे. तेही तिनं चांगल्या अर्थानंच घेतलं होतं. उठलो, दार उघडलं आणि गॅलरीत गेलो.

"अगं, मी सुकवली. सगळी. त्या कळ्याही खोट्या होत्या."

तिनं वळून पाहिलं नाही. नुसता हात वर केला.

"थांबा. तुमचं पाणी अजून मुरतंय."

मी तिच्या खुर्चीशी खाली बसलो. कोरफडीच्या मुळाशी एक बुडबुडा आला, फुटला. मातीतून एक मुंगी गडबडून वर आली. शेजारी कुणीतरी उभं होतं, आणि मला मान वर करवेना.