हललेले फोटो

"काका, खरं सांगा. बाबांनी माझा एक तरी फोटो काढला होता का?"

साहेबांची मुलगी अजून खुर्चीत नीट टेकलीही नव्हती.

साहेब म्हणजे युद्धाचे फोटो काढणारे प्रसिद्ध साहेब. जग त्यांना सलाम ठोकायचं, मी त्यांचे रोल धुवायचो. तेवीस वर्षं. अंधारात दिवस काढणारा म्हणून माझ्या बायकोने माझं नाव घुबड ठेवलं होतं. साहेब जाऊन वर्ष झालं आणि आता त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. उद्घाटन मुलीनेच करायचं होतं.

"मी नाही जाणार," ती म्हणाली. "भिंतभर परक्यांची पोरं. त्यांच्यासाठी वेळ होता, आणि घरच्या पोरीसाठी एक फ्रेमसुद्धा नाही?"

ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, आता तरी काढा तो बिस्किटांचा डबा! किती वर्षं उबवत बसणार?"

मग सांगणं भागच पडलं. लढाईवरून परतताना साहेब कॅमेऱ्यात एक फ्रेम मुद्दाम शिल्लक ठेवायचे. आधी घरी जायचे, मग माझ्याकडे. रोल देताना दर वेळी बजावायचे, "शेवटची फ्रेम कापून फेकून दे. मढ्यांच्या रांगेत माझी पोर नको."

"मग काढता कशाला?" मी एकदा विचारलंच.

"त्याशिवाय घरी आल्यासारखं वाटत नाही रे."

कापायचो मी इमानदारीत. फेकायचं मात्र जिवावर यायचं. गुपचूप एक छोटा फोटो छापायचो आणि निगेटिव्हसकट डब्यात टाकायचो. साहेबांचा एवढा एकच हुकूम मी मोडला.

डबा उघडला. एकोणीस फोटो. झोपलेली, दात पडलेली, शाळेच्या बुटात पाय अडकवताना वैतागलेली. आणि झाडून सगळे हललेले!

ती बघतच राहिली, मग खुदकन हसली. "काका, हे काय! गोळीबारात ज्यांचा हात हलला नाही, त्यांचे हे फोटो?"

"तिकडे नाही हलला. घरी आल्यावर हलायचा."

हसता हसता तिचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू?

"दात पडलेला मोठा करून द्याल? त्या फोटोंच्या रांगेत नाही लावणार. बाहेर, दाराशी, एकटाच. पण मग उद्घाटनाला तुम्ही दोघांनी यायचंच."

काम सोडल्यापासून बंद पडलेली डार्करूम आठ वर्षांनी उघडली. जळमटं काढली, नवं रसायन आणलं, तांबडा दिवा लावला. ही हौसेने शेजारी येऊन उभी राहिली. चिमट्यात कागद धरला तर माझा हात लटलट हलायला लागला.

"अहो, जपून! फोटो हलेल ना!"

"अगं, तो आधीच हललाय," मी म्हणालो.

रसायनात कागद बुडाला. हळूहळू त्यावर दात पडलेली पोर उमटली, कोणीतरी घरी आल्याच्या आनंदात हसणारी.