घुमटाखालचा गोड आवाज

भर दुपारी दोन वाजता बाई रात्र करायच्या. तारांगणाच्या घुमटाखाली दोनशे खुर्च्यांच्या पाठी मागे झुकायच्या, यंत्रचालक दिवे इतके सावकाश उतरवायचा की अंधार कधी झाला ते कळायचंच नाही, आणि कोपऱ्यातल्या मेजामागून बाईंचा आवाज यायचा, ‘आता डोळे मिटा. दहापर्यंत मोजा. उघडा.’ लोक डोळे उघडायचे तेव्हा डोक्यावर आकाश गच्च भरलेलं असायचं. तेवीस वर्षं, दिवसातून चार वेळा, बाईंनी सूर्य मावळवला होता.

तिथे सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. त्यांचा आवाज गोड. दुकानात त्यांनी कशाचा भाव विचारला तरी एखादा अनोळखी माणूस वळून बघायचा आणि त्याच्या डोळ्यांत पेंग उतरल्यासारखी दिसायची. लहानपणी शाळेच्या सहलीत त्यानं हाच आवाज आडवं पडून ऐकलेला असायचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मात्र बाईंचा घसा साफ बसला होता. त्यांच्या आधीच्या निवेदिकेचा आवाज असाच गेला आणि तिला तिकीट खिडकीवर बसवलं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या धास्तीनं त्यांनी एक उपाय धरला तो धरलाच. कोमट पाण्यात मध आणि साखर घालून थर्मास भरायचा, खेळ चालू असताना घोट घोट घ्यायचा, आणि मेजाच्या खणात लिंबू-संत्र्याच्या गोळ्यांचा डबा ठेवायचा. ती गोळी त्यांच्या लेखी खाऊ नव्हतीच. सुताराला करवत लागते, तशी त्यांना गोळी लागायची.

पन्नाशी ओलांडल्यावर रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी सकाळची एक गोळी दिली, मग रात्रीची दुसरी, आणि मीठ कमी करायला सांगितलं. बाई सांगितलेलं पाळणाऱ्या. मिठाची बरणी सर्वांत वरच्या फळीवर गेली, भाजी अळणी झाली, सूप अळणी झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता. तो वर्षभर हूं की चूं न करता जेवला. त्याच्या अवजारांच्या पिशवीत मिठाची पुडी असते हे त्याच्या कामावर सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बाईंना नव्हतं.

एवढं करूनही दाब एकशे साठच्या खाली येईना. डॉक्टरांनी तिसरी गोळी चढवली आणि गोळ्या वेळेवर घेता ना, असं विचारलं. बाईंना ते फार लागलं. तेवीस वर्षांत त्यांनी सूर्यसुद्धा एक मिनिट उशिरा मावळू दिला नव्हता.

त्या सुमाराला दुपारच्या खेळात त्यांना काहीतरी व्हायला लागलं होतं. थर्मास अर्धा झाला की अंगात ऊब यायची, शब्द आपोआप सुटायचे. मग थोड्या वेळानं सगळं मऊ व्हायचं. मेज, हात, स्वतःचा आवाज, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं. आपण खुर्चीत आहोत की वर कुठेतरी तरंगतोय ते समजायचं नाही. दिवसातून चारदा रात्र करणाऱ्या माणसाला झोप यायचीच, असं त्या स्वतःला सांगायच्या.

एका मंगळवारी त्या उत्तरेकडच्या आकाशातल्या एका निळसर ताऱ्यावर उजेडाचा बाण नेऊन थांबल्या. हजारो वेळा घेतलेलं नाव आलंच नाही. कानात ठोके वाजत होते, तारे एका बाजूला कलंडत होते. यंत्रचालकानं दोन मिनिटं वाट पाहिली, मग गुपचूप पहाट केली. घुमटाच्या कडेला गुलाबी उजेड आला तेव्हा बाई मेजावर डोकं टेकून बसल्या होत्या. पोरांना वाटलं, खेळ असाच असतो.

यंत्रचालकानं नवऱ्याला कळवलं, नवऱ्यानं आपल्या बहिणीला. ही नणंद इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करायची. तिनं दुसऱ्या दिवशी घरी येऊन वहिनीचं रक्त स्वतः काढलं, पोटाची सोनोग्राफीही करून घेतली. उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. रक्तातली चरबी वाढलेली, युरिक ॲसिड वाढलेलं, आणि यकृतावर चरबी. नवरा म्हणाला, घरात दारूचा थेंब नाही आणि हिचं यकृत दारुड्यासारखं कसं. नणंद हसली नाही.

“वहिनी, कुठेतरी पाणी मुरतंय,” ती म्हणाली. “गोड किती खाता?”

बाईंनी मनापासून सांगितलं की आपण गोड खातच नाही. वाढदिवसाचा केकसुद्धा दुसऱ्याच्या बशीत टाकतो. ते खरंही होतं.

गुरुवारी नणंद सुट्टी काढून दोनच्या खेळाला येऊन बसली. कित्येक वर्षांत ती इथे आली नव्हती. अंधार झाला, तारे उगवले, वहिनीचा आवाज छातीवर पांघरूण घातल्यासारखा पसरला. ती वाहवत चालली होती. एवढ्यात घुमटात कुठेतरी बारीक चुरचुर झाली. शेजारच्या मुलीनं आईला हळूच सांगितलं की तारा फुटला. थोड्या वेळानं पुन्हा चुरचुर. तिसऱ्या वेळी नणंदेला उमगलं. गोळीचा कागद माइकजवळ सुटत होता. खेळ संपेपर्यंत तिनं पाच मोजल्या.

उजेड झाल्यावर ती मेजाशी गेली, थर्मासच्या झाकणात उरलेला घोट ओतून प्यायली आणि तोंड वाकडं केलं. किती चमचे घालता, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या की मोजलं नाही कधी, घशाला लागेल तेवढं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघींनी मोजलं. दिवसाचे दोन थर्मास, वीस गोळ्या, तीन कप चहा. एकेक चमचा साखर नणंद काचेच्या वाडग्यात टाकत गेली. एक्केचाळीस झाले. वाडग्यात पांढरा डोंगर उभा राहिला. नवरा दारात उभा होता. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

“हे माझ्या पोटात जातं? रोज?” बाईंनी विचारलं.

“रोज,” नणंद म्हणाली. “आणि तुम्ही याला औषध म्हणता.”

शनिवारी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. मी फक्त मिठाचं विचारत राहिलो, हे त्यांनी आधी कबूल केलं. मग कागदावर रेघा ओढत समजावलं. एवढी साखर सतत आत येत राहिली की शरीर ती आवरायला इन्शुलिन वाढवतं. वाढलेलं इन्शुलिन मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकू देत नाही. मिठाबरोबर पाणी थांबतं आणि रक्ताच्या नळीत दाब चढतो. वापरली न गेलेली साखर यकृतात चरबी होऊन बसते, रक्तवाहिन्या ताठरतात, आणि गोळ्यांचं काम अवघड होतं. प्रत्येकाचा दाब साखरेमुळेच वाढतो असं नाही, पण तुमच्या बाबतीत तिचा मोठा हात दिसतो, असं ते म्हणाले. मध वेगळा का, असं बाईंनी विचारलं. शरीराच्या लेखी फारसा नाही, असं उत्तर आलं.

“तुम्ही ताटातलं मीठ काढलंत,” डॉक्टर म्हणाले, “आणि साखर आतून सांगत राहिली, आहे ते सोडू नका.”

मीठ बेताचंच ठेवायचं, गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, आणि घशाला साधं पाणी.

बाईंना दाबाची भीती नव्हती तेवढी आवाजाची होती. घरी येताना त्या नणंदेला म्हणाल्या की दाब कुणाला ऐकू येत नाही, आवाज येतो. नणंद त्यांचा हात धरून चालत राहिली.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची, घसा कोरडा पडायचा. हात सवयीनं खणाकडे जायचा, पण डबा यंत्रचालकानं उचलून नेला होता. तिसऱ्या आठवड्यात भरल्या खेळात आवाज चिरकला. बाईंनी यंत्रचालकाला सांगितलं की आता मधे मधे थांबावं लागेल, पाणी घ्यावं लागेल, सलग बोलणं होणार नाही.

“थांबा ना,” तो म्हणाला. “मी आकाश फिरवत राहतो.”

व्यवस्थापकांना ते पुरेसं वाटेना. बाईंच्या आवाजाचं जुनं ध्वनिमुद्रण होतं. ते लावून एक खेळ करून बघू, असं त्यांनी सुचवलं. माणूस भला होता, बाईंना आराम मिळावा हाच हेतू. त्या दिवशी बाई तेवीस वर्षांत पहिल्यांदा प्रेक्षकांत आडव्या झाल्या. अंधारात त्यांचाच आवाज वरून उतरू लागला, कोवळा, न थकणारा. एका वाक्यातून दुसऱ्यात घसरत जाणारा. त्यांना सुरुवातीला फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की ही बाई कुठे थांबतच नाही. तारा दाखवते आणि तो बघायच्या आत पुढचा दाखवते. मधूनच कागदाची चुरचुर. आडव्या पडल्या पडल्या त्यांना त्या आवाजातल्या मुलीची कणव आली. तिकीट खिडकीला घाबरणारी, तोंडात गोळी धरून पळणारी.

खेळ संपल्यावर त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं की उद्यापासून मीच बोलेन, जसा आहे तशा आवाजात. लोकांनी तक्रार केली तर तिकिटं विकेन. ते म्हणाले, बघू. तक्रार दोघांनी केली. एका शिक्षिकेनं मात्र चिठ्ठी ठेवली की या वेळी मुलांना तारे सापडले.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी दंडाला पट्टा दोनदा गुंडाळला, कारण पहिल्यांदा त्यांचाही विश्वास बसला नाही. एकशे अडतीसवर अठ्ठ्याऐंशी. कमरेचा घेर कमी झाला होता, साखर उंबरठ्यावरून एक पाऊल मागे सरकली होती. यकृताचं सहा महिन्यांनी बघू, असं ठरलं. तिसरी गोळी त्यांनी काढली, दोन ठेवल्या. बाईंनी त्या दोनही काढण्याबद्दल विचारलं तेव्हा ते नुसते हसले.

आवाज पूर्वीसारखा झाला नाही. तो खाली उतरला, कडेला थोडा खरखरीत राहिला. दुपारची ती कापसासारखी गुंगी मात्र गेली.

तिसरी गोळी सुटली त्या दिवशी नवरा न सांगता शेवटच्या खेळाला आला आणि मागच्या रांगेत बसला. बाईंना पत्ता नव्हता. त्यांनी सूर्य मावळवला, तारे आणले, पाणी प्यायल्या, आणि आकाश वळू लागलं तशा गप्प राहिल्या. त्या अंधारात मागून एक संथ घोरणं ऐकू येऊ लागलं. एक-दोन पोरं खिदळली. बाईंनी ते घोरणं लगेच ओळखलं. त्यांनी माइक जरा लांब सरकवला, आणि पुढचा तारा त्याला जाग येणार नाही अशा आवाजात दाखवला.